जवळचा नंबर

फुकट सेवा करणाऱ्या माणसांच्या क्लबात पगार घेणारी मी एकटीच होते. बाकी सगळे डॉक्टर, वकील, सराफ, बांधकामवाले, गुळाचे अडते. ते संध्याकाळी यायचे, समाजाची काळजी करायचे, सामोसे खायचे आणि घरी जायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळजीचं काय करायचं, ते मी बघायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं चिकटले, ती दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा सुटले. एवढी वर्षं काय केलं असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. टायपिस्ट म्हणावं तर अर्धा दिवस मी टेम्पोत बसून खुर्च्या आणायला गेलेली असायचे. व्यवस्थापक म्हणावं तर माझ्या हाताखाली एक टेलिफोन आणि एक स्टोव्ह, एवढंच मनुष्यबळ होतं. माझी आई शेजारणीला सांगायची, "आमची सुमन दान करायच्या हापिसात हाय." तिची व्याख्या मला अजून सगळ्यांत बरी वाटते.

काम काय असायचं ते सांगते. असल्या क्लबाचा अध्यक्ष दरवर्षी जुलैत बदलतो, आणि नव्या अध्यक्षाबरोबर नवं स्वप्न येतं. एकाला झाडं लावायची असतात. दुसऱ्याला रक्त गोळा करायचं असतं. तिसऱ्याला खेड्यातल्या शाळेला संगणक द्यायचे असतात. त्या शाळेत वीज आहे का, हे बघणं माझ्याकडं. स्वप्न त्यांचं, त्याला लागणारा मांडव, माईक, हार, निमंत्रणपत्रिका, फोटोग्राफर आणि लाभार्थी माझे. 'लाभार्थी' हा शब्द मी तिथंच शिकले. घरी आम्ही त्याला 'गरजू' म्हणायचो, आणि गरजू आमच्याच गल्लीत राहायचे. वर्तमानपत्राची बातमी तर आदल्या दिवशीच टाइप करून ठेवावी लागे. 'नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते' हे वाक्य मी लिहायचे, तेव्हा हॉलमध्ये अजून झाडूही फिरलेला नसायचा.

पैसे उभे करणं हे मात्र एक शास्त्र आहे. कोल्हापूरच्या माणसाकडं देणगी मागितली तर तो आधी तुमचं गाव विचारतो, मग तुमच्या पावण्यांत त्याचे पावणे निघतात का ते बघतो, मग चहा पाजतो आणि म्हणतो, "बघूया की." बघूया की म्हणजे नाही. एका सराफांनी मला दर वर्षी हेच उत्तर दिलं आणि दर वर्षी चहाबरोबर बिस्किटंही दिली, त्यामुळं त्यांचा राग येण्याचीही सोय नव्हती. पण त्याच माणसाला जेवणाचं तिकीट दाखवा. तो वर आणखी मागून घेईल आणि मेव्हण्या-पावण्यांसकट हजर होईल. म्हणून आमच्या क्लबाची बरीचशी समाजसेवा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर उभी होती. शाळेला बाकं द्यायची असोत नाहीतर रक्तदाब तपासायचा असो, आधी बोकड पडायचा, मग समाजाचं भलं व्हायचं.

अशात एका वर्षी अण्णा अध्यक्ष झाले. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. आवाज सौद्यात कमावलेला, त्यामुळं कानात सांगितलेली गोष्टही रस्त्यापलीकडं ऐकू जायची. घरी कन्नड, दुकानात मराठी, आणि राग आला की पुन्हा कन्नड. घराणं पक्कं शैव. अण्णांच्या गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा येत नसे. साहजिकच सभासदांनी ठरवलं की यंदा तिकिटावर मसालेभात. अण्णा सभेत उभे राहिले.

"मसालेभाताचं तिकीट कोण घेणार हाय? मी खात न्हाय म्हंजे गावानं खायचं न्हाय व्हय? मटणच हुंदे."

जेवणाच्या दिवशी अण्णा नाकाला रुमाल लावून हंड्याजवळ उभे होते आणि रुमालातूनच ओरडत होते, "पावण्यास्नी पांढरा वाढा की रं! वाटी रिकामी दिसतीया!" पंगती उठल्यावर त्यांनी आपल्या गाडीत बसून घरच्या डब्यातली भाकरी आणि दही खाल्लं. पुढं आमचं वाजलं, मी त्यांना बोलले, ते माझ्यावर ओरडले, ते सगळं येणारच आहे. पण हा माणूस आधी असा बघून ठेवा.

त्या जेवणाच्या पैशातून मोतीबिंदूचं शिबिर झालं.

आजच्या वाचकांना सांगायला हवं की मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे तेव्हा सकाळी जाऊन दुपारी घरी, असलं काम नव्हतं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचे, आणि निदान आमच्यासारख्या शिबिरांत त्याच्या जागी दुसरं बसवत नसत. पेशंट काही दिवस पट्टी बांधून पडून राहायचा. मग काळा चष्मा. जखम भरायला महिना-दीड महिना, आणि शेवटी तो जाड भिंगाचा चष्मा, ज्यातून माणसाचे डोळे बशीएवढे दिसतात. खरं तर तो चष्मा म्हणजेच ऑपरेशन. तो येईपर्यंत उजेड दिसतो, रंग दिसतात, कुणीतरी आलंय एवढं कळतं. कोण आलंय ते कळत नाही.

जीपवर भोंगा लावून आम्ही उचगाव, गडमुडशिंगी आणि आसपासची गावं फिरलो. माणसं आली ती अंथरुणं, भाकऱ्या, तंबाखू आणि नातेवाईक घेऊन. एका धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशनं झाली आणि शेजारच्या मंगल कार्यालयात सगळ्यांना ठेवलं. भिंतीवर मागच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, आणि खाली ओळीनं पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं. मी चहा घेऊन जायचे. दिसत नसल्यामुळं असेल, पण सगळे भरपूर बोलायचे.

तिथं दत्तोबा भेटले. गडमुडशिंगीचे, साठीच्या जरा अलीकडचे, म्हणजे त्या शिबिरात तरुणच.

"मामा, काम काय करता?" मी विचारलं.

"वहिफणी."

मला काही कळलं नाही, हे त्यांना पट्टीतूनही कळलं.

"इचलकरंजीत मागावर कापड निगतंय न्हवं? त्येच्या आदी बीमातला, म्हंजे दोरं गुंडाळल्याल्या रुळाचा, एकेक दोरा वहीच्या तारंच्या भोकातनं ववायचा. मग फणीतनं. समद्या बीमाचा. एक दोरा चुकला की थानभर पट्टा पडतोय. दोघं बसायचं. पल्याडला दोरा म्होरं करतोय, अल्याडला आकड्यानं वडून घेतोय."

दत्तोबांच्या पल्याड बसायचा तो त्यांचा मेव्हणा, सदाशिव. एकाच मालकाकडं दोघांची जोडी वर्षानुवर्षं बसत आली होती. दत्तोबांना दिसेनासं झालं तसं कापडात पट्टे पडायला लागले. मालक म्हणाला, डोळे करून या, तोवर सदाशिवाबरोबर बदली माणूस बसवतो. दिवाळीनंतर नवा माल सुरू होईल तेव्हा तुमची जागा तुम्हाला. दत्तोबांचं घर त्या जागेवर चालत होतं. मुलगा नव्हता, मुली दिलेल्या, घरात दोघं नवरा-बायको. पण ते हे सगळं हसत सांगायचे. "चष्मा आला की बसतोच बगा," म्हणायचे.

चष्मे आले. खोकी माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात गेली, किल्ली माझ्या पर्समध्ये. आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. क्लबात वस्तू नुसती देऊन चालत नाही, तिचं वाटप करावं लागतं. द्यायला हात पुरतो, वाटपाला पाहुणा लागतो. आमचे पाहुणे म्हणजे क्लबाच्या सगळ्या विभागाचे प्रमुख, पुण्याचे कारखानदार. त्यांची तारीख मिळाली, ती रद्द झाली. दुसरी मिळाली, तीही पुढं गेली. कपाटात चष्मे, गावोगाव काळे चष्मे लावून बसलेली माणसं, आणि मध्ये मी, पुण्याला ट्रंककॉल लावत.

एक दिवस बायकोच्या खांद्यावर हात ठेवून दत्तोबा आमचा जिना चढून आले.

"बाई, चष्मं आल्यात म्हणं."

"आलेत मामा. कार्यक्रम झाला की मिळतील."

"कवा हाय कार्यक्रम?"

"पाहुण्यांची तारीख मिळाली की लगेच."

"पावणं डोळ्याचं डागतर हाईत व्हय?"

"नाही. त्यांचा कारखाना आहे."

"मग त्यांचं हितं काय काम?"

मी चहा ठेवला.

ते गेल्यावर मी अण्णांच्या अडतीवर गेले. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीला टेकून अण्णा बसले होते. म्हटलं, चष्मे देऊन टाकू या, पाहुण्यांचा सत्कार मागाहून करू. त्यांनी जे उत्तर दिलं ते मला आजही खोटं ठरवता येत नाही.

"बाई, लोकांनी रस्सा पिऊन पैसं दिल्यात. त्येंच्या म्होरं म्हातारीच्या डोळ्यावर चष्मा चढला, तर म्होरल्या साली त्येच लोक परत तिकिटं घेत्यात. कपाटातनं गुपचूप दिलं तर म्हणतील, अण्णानं मटणाचं पैसं खाल्लं. आणि मी तर मटणबी खात न्हाय!"

स्वतःच्याच बोलण्यावर ते एवढ्यानं हसले की बाहेर हमाल थांबून बघायला लागले. मग म्हणाले, "थांबा की जरा. पळून चाललंय व्हय काय?"

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दत्तोबा पुन्हा आले. या वेळी ते हसत नव्हते. मालकानं निरोप धाडला होता की सणानंतर पहिला बीम आला आणि दत्तोबा दिसले नाहीत, तर बदली माणूस कायम. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, म्हणजे बघत होते, पण माझ्या जरा डावीकडं. त्यांची बायको तोवर कधी माझ्याशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "कपाट हितंच हाय न्हवं, बाई?"

मी किल्ली काढली. कुणाचा चष्मा कुठला हे शोधावं लागलं नाही, कारण सगळ्यांचा नंबर एकच होता. फ्रेम तेवढी लहान-मोठी. दत्तोबांनी चष्मा चढवला, आधी बायकोकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हातारी झालीस की गं तू!" तिनं त्यांच्या दंडावर चापट मारली आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. मग ते खिडकीशी गेले आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांत काय काय टांगलंय ते मला सांगायला लागले. मी त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं. कार्यक्रमाला यायचं, चष्मा खिशात घालून आणायचा, आणि स्टेजवर चढायच्या आधी माझ्याकडं द्यायचा.

"आंधळा हुनच येतो, बाई. सवय हाय," ते म्हणाले.

सभासदांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण त्या दिवशी घरी जाताना मी उगाचच पेढे घेतले. आपण काहीतरी बरं केलं, असं त्या नोकरीत स्वतःशी म्हणायची वेळ फार वेळा यायची नाही.

दिवाळी झाली आणि ऑफिसात सदाशिव आला. मी त्याला तोवर पाहिलं नव्हतं. दारातूनच त्याचा आवाज चढला.

"चष्मा दिलासा व्हय तुमी? रस्त्यावरची म्हस दिसती त्यातनं. हातातला दोरा दिसत न्हाय!"

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानंच सांगत सुटला. चष्मा लावून दत्तोबा कामावर गेले होते. दारातला मालक दिसला, समोरचा माग दिसला, मागावरचं कॅलेंडर दिसलं. हातातला दोरा म्हणजे नुसता कापूस. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांची सवय, बोटांच्या अंदाजानं ओवत राहिले. सदाशिवाच्या लक्षात आलं, त्यानंही मालकाला सांगितलं नाही. बीम मागावर चढला आणि कापडात पट्ट्यावर पट्टे पडले.

"मालक काय म्हणला सांगू? निरोप धाडला तरी, चष्मा आला नसता तर आनी थोडं थांबलो असतो, म्हणला. चष्मा येऊनबी दिसत न्हाय म्हंजे डोळंच गेल्यात म्हाताऱ्याचं. माझ्याबरुबर बाहेरनं आलेला एक गडी बसवलाय. माझं चाललंय, बाई. दाजी बसल्यात घरात."

तो पाणीही न पिता गेला. मी तशीच उठून महाद्वार रोडवर गेले, जिथं क्लबाचे चष्मे बनवले होते त्या दुकानात. दुकानदार सज्जन गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग आहे तोवर ते जवळचं-लांबचं आपलं आपण सांभाळतं, निदान काही वर्षं. ते काढून टाकलं की लांबचा एक नंबर लागतो आणि जवळचा वेगळा. एक नंबर दिला तर एकच अंतर दिसणार.

"मी सांगितलं होतं की तुमच्या मीटिंगमध्ये," ते म्हणाले.

मला ती सभा आठवली. हे गृहस्थ बोलले होते खरे. त्यावर कुणीतरी म्हणालं होतं, "खेड्यातली म्हातारी माणसं ती. त्यांना कुठं वाचायचंय? जवळचा नंबर कशाला?" सगळ्यांना पटलं. एकच नंबर घेतला तर तेवढ्याच पैशांत जास्त लोकांना चष्मे मिळत होते, म्हणजे हेतू चांगलाच. डॉक्टर-वकिलांची सभा ती. जवळचं बघायचं म्हणजे वाचायचं, यापलीकडं कुणाच्या मनात काही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर रोज घरी जाऊन तांदूळ निवडत होते.

अण्णांना सगळं सांगितलं. कपाट उघडल्याचंही सांगितलं. अण्णा जे कन्नडमध्ये शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांचा मुनीम माझ्याकडं असा बघत होता की भाषांतराची गरज पडली नाही. मी पण ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "ओरडा तुम्ही. पण त्या माणसाचं काम गेलंय, आणि ते आपल्या चष्म्यानं गेलंय."

अण्णा मराठीत आले. आवाज खाली आला होता, म्हणजे फक्त दुकानात ऐकू जाईल एवढाच.

"पावण्यांची तारीख पक्की झाल्या. आता ह्यात काय उकरू नगा. कार्यक्रम हुंदे, मग बगू. आणि त्या मामांना म्हणावं या. चष्मा एक कमी निघाला तर सभासद तुमाला विचारतील, आणि मला तुमाला वाचवता येणार न्हाय."

मी गडमुडशिंगीला गेले. दत्तोबा सोप्यात बसून शेंगा फोडत होते. त्याला दिसावं लागत नाही. वर्षानुवर्षं मी लोकांकडं मागत फिरले, दुसऱ्यांसाठी मागायला लाज कसली, असं मीच नव्या सभासदांना सांगायचे. त्या दिवशी मला स्वतःसाठी मागायचं होतं, आणि तेही या माणसाकडं. मी कशीबशी बोलले. तुम्ही आला नाहीत तर माझी नोकरी जाईल, असं सरळ सांगितलं.

"येतो की," दत्तोबा म्हणाले. "एक गेली ती बास झाली. तुमची कशाला घालवायची?"

त्यांच्या बायकोनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमटी-भात होता. भातात खडा लागला. मी तो गुपचूप गिळला, आणि तिच्याही डोळ्यांकडं बघितलं. तिला शिबिराला कुणी आणलं नव्हतं.

कार्यक्रम थाटात झाला. स्टेजवर पाहुणे, अण्णा, मागं भलामोठा कापडी फलक. खाली तिकिटं घेऊन जेवलेले सगळे लोक सहकुटुंब. अण्णांचं म्हणणं खरंच होतं, लोकांना ते बघायला आवडत होतं. एकेक पेशंट वर यायचा, मी ट्रेमधून चष्मा द्यायचे, पाहुणे तो त्याच्या डोळ्यांवर चढवायचे आणि माईक पुढं करून विचारायचे, "आता काय दिसतंय?" उचगावच्या एका आजीनं पाहुण्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "द्येव दिसला गं बाई!" टाळ्या थांबेनात. पाहुण्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. माणूस वाईट नव्हता तो.

दत्तोबा आले. शब्दाला जागून चष्मा माझ्याकडं दिला होता. बायकोचा खांदा धरून, पायरी चाचपत, असे आले की मलाच खरं वाटलं. पाहुण्यांनी चष्मा चढवला.

"आता काय दिसतंय, आजोबा?"

"तुमी दिसताय, सायब."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांना रंग चढला होता. "आणखी?"

"अण्णा दिसत्यात. पल्याडलं दार दिसतंय. दारातली रिक्षाबी दिसतीया."

हॉल हसला. माझा जीव ट्रेमध्ये होता. "आणखी काय?" पाहुण्यांनी विचारलं.

दत्तोबांनी आपला उजवा हात वर केला, चेहऱ्यासमोर धरला, आणि त्याच्याकडं बघितलं. "ह्यो दिसत न्हाय," ते म्हणाले. "ह्यो सोडून समदं दिसतंय."

लोकांना तो विनोद वाटला. त्या संध्याकाळची सगळ्यांत मोठी टाळी त्याला पडली. पाहुण्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि माईकवर म्हणाले, "आजोबा मोठे विनोदी आहेत." दत्तोबांनी माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. अण्णांचे हात मात्र टाळीसाठी वर आले होते ते तसेच राहिले. पुढचं नाव पुकारायला ते विसरले, ते मी पुकारलं.

आभार झाले, पाहुणे जेवायला वर गेले. अण्णा स्टेजवरून सरळ माझ्याकडं आले. "बाई, गाडीत बसा. मामांस्नीबी घ्या." पाहुण्यांचं कोण बघणार, असं मी विचारलं. "त्येंना दिसतंय सगळं, बसतील जेवायला," अण्णा म्हणाले.

इथं पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. दत्तोबांना ती जागा परत मिळाली नाही. अण्णा स्वतः इचलकरंजीला गेले होते. मालकानं चहा पाजला आणि म्हणाला, "पावणं, बसलेली जोडी आता कशापायी मोडू?" त्याचंही बरोबर होतं. त्या नव्या गड्यालाही पोट होतंच. बाकीच्या पेशंटांना मात्र अण्णांनी थोडे थोडे करून ऑफिसात बोलावलं, मांडव नाही, माईक नाही, आणि जवळचा नंबर करून दिला. पेशंटांच्या घरच्या बायकांनाही बोलावलं, दत्तोबांच्या बायकोलाही. शिबिराच्या फॉर्मवर 'वाचता येतं का' असा एक प्रश्न असायचा, तो मी कायमचा काढून टाकला. त्याऐवजी विचारायचे, दिवसभर हातात काय असतं? कुणी सांगायचं वाकळ, कुणी सांगायचं सूप, निपाणीकडच्या एका बाईनं विड्या सांगितल्या, आणि एका आजोबांनी बराच विचार करून सांगितलं, नातवाच्या पायातला काटा. पुढं डोळ्यातच भिंग बसवायला लागले आणि ते जाड चष्मे गेले. पण प्रश्न मी सोडला नाही. पंचगंगेला मोठा पूर आला त्या वर्षी आमच्या ऑफिसात जुन्या कपड्यांचा डोंगर झाला. त्यात जरीचे फेटे होते, शेरवानी होती. तेव्हाही मी आधी गावात जाऊन विचारून आले, काय हवंय. चुली पेटवायला रॉकेल हवं होतं.

क्लबाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या शिबिराचं अर्धं पान आहे. फोटोत पाहुणे, अण्णा, आजी. चष्मे किती वाटले ते छापलंय. कुणाची जागा गेली ते छापायची पद्धत नसते. ते पान मीच टाइप केलंय, आणि ते खोटं नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही महाद्वार रोडवरच्या त्या दुकानात गेलो. शटर अर्धं खाली आलं होतं, अण्णांच्या हाकेनं ते वर गेलं. अण्णांच्या अंगावर सत्काराची शाल तशीच. दुकानदारांनी दत्तोबांना उंच खुर्चीवर बसवलं, डोळे तपासले, काचा बदलून बघितल्या, आणि मग हातात टेप घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मामा, वाचणाऱ्याचं अंतर मला माहीत असतं. तुमचं माहीत नाही. काम करताना नजर किती लांब असते, जरा दाखवता का?"

दत्तोबांनी दोन्ही हात समोर धरले. डाव्या हाताची चिमूट झाली, उजव्यात आकडा धरल्यासारखी बोटं वळली. मग त्यांनी हात जरासे अलीकडं घेतले, पुन्हा कणभर पुढं नेले आणि थांबले. दुकानदारांनी टेपचं एक टोक त्यांच्या भुवईशी लावलं आणि दुसरं त्या रिकाम्या चिमटीशी नेलं.

"इथं?"

"व्हय," दत्तोबा म्हणाले. "हितं असायचा."